पीआर नाकारली, आणि गल्लीत फ्लेक्स लागून गेलेला

"पीआर रिजेक्ट झाली. सगळ्यांना सांगून बसलोय. आता कुठल्या तोंडानं बाहेर पडू?" पीआर म्हणजे परदेशात कायमचं राहण्याची परवानगी. ती नाकारली गेली की समुपदेशनात हा प्रश्न नेहमी येतो, त्यातही तिशी-पस्तिशीतल्या इंजिनियर मंडळींकडून जास्त. त्याचं उत्तर एका प्रकरणातून देते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीला काम करणारा हा माणूस चौतीस वर्षांचा. राहायला शिवाजी पेठेत. घरात आई-वडील, बायको आणि पाच वर्षांची मुलगी. कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीतून (वय, शिक्षण, अनुभव यांच्या गुणांवर पीआरसाठी निवड होते ती पद्धत) आयटीए, म्हणजे अर्ज करण्याचं आमंत्रण आलं, तेव्हा तालमीतल्या पोरांनी गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लावला. गॉगल घातलेला फोटो, मागं मॅपलचं लाल पान, 'कॅनडा येथे स्थायिक होत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. आयटीए म्हणजे व्हिसा नव्हे. ते आल्यावर 60 दिवसांत पूर्ण अर्ज भरायचा असतो, आणि कागदांची खरी तपासणी त्यानंतर सुरू होते. हे घरात बायको सोडून कुणालाच माहीत नव्हतं. नकार आला तेव्हा फ्लेक्स उतरून बरेच महिने झाले होते, पण लोकांच्या डोक्यातला उतरला नव्हता.

तो आला तेव्हा झोप उडालेली होती. चौकातनं जायला नको म्हणून कामावर जाताना रंकाळ्याकडून वळसा घालायचा. "बाबांचं रान बुडवलं मी," हे वाक्य तो परत परत म्हणत होता.

अशा वेळी धीर देण्याआधी मी नकाराचं पत्र छापून आणायला सांगते. बहुतेकांनी ते पूर्ण वाचलेलंच नसतं. पहिल्या परिच्छेदातला नकार दिसला की मोबाइल पालथा पडतो. यानंही तेच केलं होतं. आम्ही ते समोर ठेवून ओळ-ओळ वाचलं. पहिल्यांदा पाहायचं ते हे, की अर्ज अपुरा म्हणून परत आलाय की तपासून नाकारलाय. परत आला असेल तर फी परत मिळते आणि तो नकार धरला जात नाही. दुसरं, पत्रात कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्यातल्या कलम 40 चा उल्लेख आहे का. तो खोट्या किंवा दडवलेल्या माहितीचा ठपका असतो, त्यात पाच वर्षांची बंदी येते, आणि तसं असेल तर समुपदेशकाच्या आधी कॅनडातला वकील गाठायचा. याच्या पत्रात तसं काही नव्हतं. सांगितलेल्या पदाची मुख्य कामं अर्जदारानं प्रत्यक्ष केली, याबद्दल अधिकाऱ्याचं समाधान झालं नाही, एवढंच कारण होतं.

मग त्याला म्हटलं, कामावर रिजेक्शन रिपोर्ट लिहिता तसाच याचा लिहा: दोष कुठला, कुठं, कशामुळं, पुढची कृती काय. पुढच्या वेळी तो एक पान घेऊन आला. इतक्या दिवसांत त्यानं स्वतःला शिव्या न घालता केलेलं हे पहिलं काम असावं.

दोष अनुभवपत्रात होता. फाउंड्रीच्या एचआरनं नेहमीसारखं तीन ओळींचं पत्र दिलेलं: अमुक तारखेपासून कामाला, वर्तणूक चांगली. एजंटला ते पुरेसं वाटलं नाही म्हणून त्यानं दुसरं पत्र बनवून सहीला पाठवलं, त्यात एनओसी कोडखालची (कॅनडाच्या व्यवसायांच्या सरकारी यादीत त्या पदाला दिलेली) कामं शब्दन् शब्द उतरवलेली. दोन्ही टोकं चुकीची. पत्र लेटरहेडवर हवं; त्यात पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि इतर लाभ, आणि कामं हवीत; वरिष्ठाची सही आणि संपर्क हवा. कामं त्याच माणसाची वाटली पाहिजेत. स्पेक्ट्रोमीटरवर प्रत्येक हीटची, म्हणजे वितळवलेल्या धातूच्या घाण्याची, केमिस्ट्री तपासणं, मोल्डिंगच्या वाळूतली ओल आणि पर्मिएबिलिटी रोज नोंदवणं, ब्लो होल (हवेची पोकळी) आणि सँड इन्क्लुजन (आत अडकलेली वाळू) यांमुळं वाया जाणाऱ्या कास्टिंगचं कारण शोधणं, हे तो वर्षानुवर्षं करत होता. पत्रात यातलं एक अक्षर नव्हतं. अधिकाऱ्यानं नाकारलं ते त्या कागदाला. हे मी त्याला समजूत म्हणून सांगितलं असतं तर पटलं नसतं; स्वतःच्या हातानं रिपोर्टात लिहिल्यावर पटलं.

तारखांचं मात्र भान ठेवावं लागतं, कारण मन सावरेपर्यंत त्या थांबत नाहीत. कॅनडाबाहेर घेतलेल्या निर्णयाविरुद्ध तिथल्या फेडरल कोर्टात जायला निर्णय कळल्यापासून 60 दिवस असतात. कोर्ट पीआर देत नाही. फार तर फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडं फेरविचाराला पाठवतं, आणि खर्च वेगळा. इमिग्रेशन खात्याकडं नुसती फेरविचाराची विनंती केली तर त्यानं हे 60 दिवस थांबत नाहीत. इथं पुष्कळ जण फसतात. अधिकाऱ्यानं फाइलवर केलेल्या नोंदी, ज्यांना जीसीएमएस नोट्स म्हणतात, त्या तिथल्या माहिती अधिकाराखाली पाच कॅनेडियन डॉलरला मिळतात, पण या मार्गानं अर्ज कॅनडात असलेल्या माणसानं तुमच्या संमतीपत्रावर करावा लागतो. उत्तराला महिना किंवा त्याहून जास्त लागू शकतो, म्हणून हा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाकायचा. त्याच्या तिथल्या मावसभावानं तो टाकला. याउलट 'पुन्हा अर्ज करू की नको' याची घाई करू नये. एजंटचा फोन दुसऱ्याच दिवशी आला होता, "लगेच नवीन फाइल टाकू, फीमध्ये बघू काहीतरी." त्या फोनला महिनाभर उत्तर द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं.

त्याच एजंटनं आणखी एक सल्ला दिलेला: दुसऱ्या देशाच्या फॉर्मात हा नकार लिहू नका. हे ऐकायचंच नाही. आधी कुठं व्हिसा नाकारला का, हा प्रश्न बहुतेक देश विचारतात. नकार लिहिला तर तो एक मुद्दा राहतो, लपवला तर फसवणूक ठरते. पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जाचा सल्ला देणारा माणूस तिथला वकील, परवानाधारक पॅरालीगल (कायदा-सहायक), क्यूबेकचा नोटरी किंवा तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा परवानाधारक असावा लागतो. परवानाधारकांची यादी ऑनलाइन कुणालाही पाहता येते. या एजंटचं नाव त्यात नव्हतं.

आता बाबांचं रान. वडिलांनी काही गुंठे विकून पैसे मुलाच्या खात्यात ठेवले होते, कारण कुटुंबाच्या खर्चापुरती रक्कम दाखवावी लागते आणि ती कर्जाऊ चालत नाही. एका कागदावर तीन रकाने करून घेतले: गेले, परत येणार, आहेत. 'गेले'मध्ये एजंटची फी, आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, पदवीचं मूल्यमापन, मेडिकल, आणि अर्जाची प्रक्रिया फी, म्हणजे तेव्हा दोघांचे 950 प्रमाणे आणि मुलीचे 260 डॉलर. 'परत येणार'मध्ये पीआरच्या हक्काची फी, तेव्हा मोठ्या माणसाला 575 डॉलर, दोघांचे 1,150. नकार आला की ही रक्कम परत मिळते, हे त्याला माहीतच नव्हतं. आणि 'आहेत' या रकान्यात रानाची सगळी रक्कम. ती कुणाला दिलेलीच नव्हती, फक्त दाखवलेली होती. कागद बघून तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मॅडम, हे बाबांना दाखवू का?" दाखवला. वडील म्हणाले, "अरे, पैसे तर हायत की. मग रडतोस कशाला?" सगळ्याच घरांत हे इतकं सोपं नसतं, कर्ज काढलेलं असेल तर तिसरा रकाना रिकामा असतो आणि चर्चा वेगळी होते.

झोपेचं कारण अर्धं मोबाइल होतं. आपली संध्याकाळ म्हणजे ओटावाची सकाळ, म्हणून तो रात्री दोनपर्यंत ईमेल आणि पोर्टल उघडून पाहायचा. निर्णय होऊनही सवय सुटली नव्हती. पोर्टलचा पासवर्ड बायकोकडं, तपासायचं शनिवारी सकाळी एकदा, रात्री मोबाइल बाहेरच्या खोलीत. झोप पंधरवड्यात बऱ्यापैकी लागायला लागली. दोन आठवड्यांनंतरही झोप-जेवण जागेवर येत नसेल, कामावर जाणंच बंद झालं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडं जावं. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

लोकांना काय सांगायचं, हे शब्दांसकट पाठ केलं: "या वेळी झालं नाही, अनुभवाचे कागद कमी पडले. पुढचं ठरलं की सांगतो." यापुढं खुलासा नाही. बायको आणि आईनंही हेच वाक्य म्हणायचं, कारण घरातनं तीन वेगळी कारणं बाहेर गेली की चौकशी वाढते. पहिल्यांदा ते तालमीतल्या मित्रांना सांगायचं ठरलं, कारण फ्लेक्स त्यांचा. "आयला, मग आम्ही उगाच आधी नाचलो," एवढंच एकजण म्हणाला आणि विषय मिसळीवर गेला.

माझ्या मते सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच असतं. 'आता जायचंच आहे' म्हणत माणूस इथलं जगणं लांबणीवर टाकतो, आणि नकार आला की ते सगळं एकदम समोर येतं. या घरात बिघडलेलं वॉशिंग मशीन तसंच होतं. बायकोनं शाळेची नोकरी सोडली होती. मुलीच्या पहिलीच्या प्रवेशाचं बघितलंच नव्हतं. आणि त्यानं इनचार्जची जागा चालून आलेली असताना नाही म्हटलं होतं, हे त्यानं मला फार उशिरा सांगितलं. या कामांची यादी केली आणि कॅनडाचं काहीही झालं तरी जी करायचीच, ती आधी घेतली. मुलीचा प्रवेश पहिला. बायकोनं जुन्या मुख्याध्यापिकांना फोन केला. जूनपासून अर्धवेळ तास मिळाले. इनचार्जची जागा भरली गेली होती, तिचं वाईट वाटणं तसंच राहिलं, आणि ते घालवायची घाई आम्ही केली नाही.

नवीन अर्जाचा विचार नोट्स आल्यावर झाला. पस्तिशी लागली की जोडप्याच्या अर्जात वयाचे गुण 75 वरून 70 होतात, आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं चालतो, मूल्यमापन पाच. हे मांडून नवराबायकोनं ठरवलं: आयईएलटीएसची मुदत संपेपर्यंत एकदा प्रयत्न, अनुभवपत्र स्वतः साहेबांसमोर बसून लिहून घ्यायचं, एजंट नाही. त्या मुदतीत आयटीए आलं नाही तर फाइल बंद, आणि आलं तरी गल्लीत सांगायचं नाही.