मराठी शब्दकोड्याच्या खेळासाठी शब्दयादी कशी करावी?

वर्डलसारखा रोज एक शब्द ओळखायचा मराठी खेळ तुम्ही करताय आणि शब्दकोशातले सगळे शब्द सरसकट टाकले तर चालतील का, असं विचारलंय. नाही चालणार. अशी एक यादी मी केलीय, त्यावरून सांगतो.

याद्या दोन हव्यात. उत्तरांची छोटी आणि निवडक. खेळणाऱ्याने टाकलेला शब्द ग्राह्य धरायची मात्र ऐसपैस. मूळ इंग्रजी वर्डलमध्ये हेच झालं. वर्डल बनवणारे जॉश वॉर्डल यांच्या जोडीदार पलक शाह यांनी पाच अक्षरी सुमारे १२,००० शब्द चाळून ओळखीचे साधारण २,५०० ठेवले. रोज एकच शब्द लागणार असेल तर हजार शब्द पावणेतीन वर्षं पुरतात. उगाच हाव धरू नका.

पण शब्द ज्या चौकटींत भरायचा, त्यातल्या एका चौकटीत काय बसणार ते आधी ठरवा. 'महाराष्ट्र' आपल्याला चार अक्षरं, युनिकोडला, म्हणजे संगणक लिपी साठवतो त्या पद्धतीला, दहा चिन्हं. चौकट अक्षराचीच ठेवा आणि मात्रा चुकली तर वेगळा रंग द्या. उत्तर 'चिमणी' असताना कोणी 'चामडी' लिहिलं, तर 'म' हिरवा (म्हणजे अक्षर आणि जागा दोन्ही बरोबर) आणि 'चा'ला 'व्यंजन बरोबर, मात्रा चूक' असा रंग. हे केलं नाही तर मराठीत हा खेळ फार अवघड होतो.

लिपीत छुपे घोळ आहेत. 'ॲप' मधला 'ॲ' एकच चिन्ह असू शकतो किंवा 'अ'वर चंद्र देऊन केलेला. 'दऱ्या'तला 'ऱ्य'सुद्धा दोन प्रकारे टाइप होतो. दिसायला सारखंच, संगणकाला वेगळं. नेहमीच्या युनिकोड नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याच्या पद्धतीने) हे दोन्ही सुटत नाहीत, त्यामुळे बदलाचे नियम स्वतः लिहावे लागतात.

शब्द आणायचे कुठून? मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश भरघोस आहे, पण त्यात 'नांव', 'गांव' असं जुनं लेखन सापडेल; ते अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी गेले. कुठला शब्द किती वेळा येतो हे विकिपीडियावरून काढलंत तर गावांवरच्या छोट्या लेखांमुळे 'तालुका', 'हवामान' उगाच वर चढतात. शिवाय 'घराला', 'घरातून', 'घरातल्या' असा विभक्तीचा सगळा गोतावळा येतो, तो उत्तरांतून काढाच. अनेकवचनं ग्राह्य यादीत खुशाल ठेवा.

क्रियापदं मी फार कमी घेतली. 'बसणे', 'धावणे', 'उडवणे' असं सगळं भरलं की शेवटची चौकट 'णे' हे लोक दोन दिवसांत ओळखतात. 'केळे' की 'केळं' असा वाद होईल ते शब्दही उत्तरांत नकोत. शिव्या आणि जातिवाचक शब्द वगळा. आडनावं, गावांची नावंही.

मग उरलेली यादी वेगवेगळ्या भागांतल्या, वेगवेगळ्या वयाच्या तिघाचौघांना वाचायला द्या. पुण्यातल्या माणसाला रोजचा वाटणारा शब्द वऱ्हाडात अडतो, आणि उलटही. दोघांना अडला तर तो उत्तरांतून काढून ग्राह्य यादीत टाका.