केरोमधले स्वस्त घर घेण्याआधी

आपण विचारले आहे की, यजमानांची डेट्रॉइटमधली रेसिडेन्सी (डॉक्टरांचे रुग्णालयातले प्रशिक्षण) संपल्यावर त्यांना इलिनॉयच्या दक्षिण टोकाला, केरोजवळच्या एका दवाखान्यात तीन वर्षांचे काम मिळते आहे, तर पुण्याहून लेकीला घेऊन आल्यावर त्याच गावात घर विकत घ्यावे का. कारण पुण्यात गाडी लावण्याच्या जागेला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात तिथे जुने दुमजली घर मिळते आहे. मी तिथून तासाभराच्या अंतरावर, कार्बनडेलला, सोळा वर्षे राहते आहे. माझे उत्तर ‘घेऊ नये’ असे आहे. मात्र घर इतके स्वस्त का, याचे जे कारण आपल्याला सांगितले जाईल ते अर्धेच खरे असते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. (आणि हो, नाव इजिप्तच्या राजधानीचे असले तरी गावात आल्यावर ‘कैरो’ म्हणू नका, इथे ‘केरो’ म्हणतात.)

ओहायो आणि मिसिसिपी या नद्यांच्या संगमावर वसलेल्या या गावाची लोकसंख्या १९२० मध्ये १५,२०३ होती. २०२० च्या जनगणनेत ती १,७३३ भरली. आगबोटींचा काळ सरला, १८८९ मध्ये ओहायोवर रेल्वेचा पूल झाल्यावर डबे नावेतून पलीकडे नेण्याचा धंदा बसला आणि १९७८ मध्ये महामार्गाचा पूल गावाबाहेरून गेल्यामुळे वाटसरू जेवायलाही थांबेनासे झाले, असे सांगतात. हे सारे खरे आहे. पण आगबोटी शेजारच्या केंटकी राज्यातल्या पदूकाच्याही गेल्या आणि मिझुरी राज्यातल्या केप जिरार्डोच्याही गेल्या. ती दोन्ही नदीकाठची गावे आज नांदती आहेत.

फरक पडला तो गोऱ्यांच्या हट्टामुळे, असे माझे मत आहे. १९०९ मध्ये याच गावात हजारोंच्या जमावाने विल्यम जेम्स या कृष्णवर्णीय माणसाला भररस्त्यात ठार मारले होते. १९६२ मध्ये कृष्णवर्णीय तरुणांनी पोहण्याच्या तलावात प्रवेश मागितला, तेव्हा तो सर्वांना खुला ठेवण्यापेक्षा बंद करणे पसंत केले गेले आणि पुढे तो काँक्रीटने बुजवण्यात आला. महाडचे चवदार तळे ठाऊक असलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. महाडला निदान तळे शिल्लक राहिले. जुलै १९६७ मध्ये रजेवर आलेला रॉबर्ट हंट हा १९ वर्षांचा कृष्णवर्णीय सैनिक पोलीस कोठडीत गळफास लागलेल्या अवस्थेत सापडला. पोलिसांनी आत्महत्या म्हटले, त्याच्या समाजाने ते मानले नाही, जाळपोळ झाली आणि नॅशनल गार्डला, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याला, बोलवावे लागले. त्यानंतर गोऱ्यांनी ‘व्हाइट हॅट्स’ नावाची सशस्त्र टोळी उभी केली. १९६९ मध्ये पिरॅमिड कोर्ट्स या कृष्णवर्णीयांच्या वसाहतीवर गोळीबार झाल्यावर चार्ल्स कोएन या धर्मोपदेशकाच्या नेतृत्वाखाली ‘युनायटेड फ्रंट’ या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला.

मागणी साधी होती: आम्ही तुमच्याकडे खरेदी करतो, तर आम्हाला तिथे नोकरीही द्या. बहिष्कार काही वर्षे चालला, आणि कितीतरी दुकानदारांनी गल्ल्यावर एक कृष्णवर्णीय मुलगी बसवण्यापेक्षा दुकानाला टाळे लावणे पत्करले. कमर्शियल ॲव्हेन्यू या गावातल्या दुकानांच्या रस्त्यावर आपल्याला ज्या रिकाम्या भिंती दिसतील, त्यातल्या पुष्कळ तेव्हापासूनच्या आहेत. ‘त्या लोकांच्या बहिष्काराने गाव मेले’ असे वाक्य आपल्याला कुणीतरी अगदी सौजन्याने ऐकवील. आपली माणसेही ते ऐकून मान डोलावतात; मी स्वतः पहिली दोन वर्षे डोलावली आहे, याची मला लाज वाटते.

आता व्यवहाराचे. गावातले रुग्णालय १९८६ मध्ये बंद पडले. किराण्याचे दुकान २०१५ मध्ये गेले. २०२३ मध्ये लोकांनी सहकारी तत्त्वावर एक उघडले, पण ते आपण याल तेव्हा चालू आहे का, हे विचारून घ्या. २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याने मोडकळीस आलेल्या दोन सरकारी वसाहती पाडण्याचे ठरवले आणि सुमारे ४०० माणसांना घरे सोडावी लागली. त्यात लहान मुले पुष्कळ होती, त्यामुळे शाळेच्या पटावर काय परिणाम झाला असेल, हे आपण ओळखालच. लेकीच्या शाळेसाठी एवढा विचार पुरे.

घराचे म्हणाल, तर गाव बंधाऱ्यांनी वेढलेले आहे आणि नदीकडच्या भिंती ६४ फुटांपर्यंतचे पाणी अडवतात. मे २०११ मध्ये पाणी ६१ फुटांच्या वर गेले, गाव रिकामे करावे लागले आणि लष्कराच्या अभियंत्यांनी पलीकडच्या मिझुरीतला बर्ड्स पॉइंटचा बंधारा सुरुंगाने उडवून सुमारे १,३०,००० एकर शेतीत पाणी सोडले, तेव्हा केरो वाचले. अशा घराची किंमत कमी असली, तरी दुरुस्ती आणि पुराचा विमा स्वस्त नसतो; शिवाय तीन वर्षांनी विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक मिळेलच असे नाही.

जे-१ व्हिसावर प्रशिक्षण घेतलेल्या परदेशी डॉक्टरांना, डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे काम केल्यास मायदेशी परतण्याच्या अटीतून सवलत मिळते; तीत बंधन असते ते कामाच्या जागेचे. राहायचे कुठे, हे आपल्या हाती असते. केप जिरार्डो किंवा पदूकाहून रोज जाऊन-येऊन काम करता येते. मी पदूका निवडीन, कारण केंटकी आणि इलिनॉय या राज्यांत परस्पर करार असल्याने पगारावरचा राज्याचा आयकर राहत्या राज्यातच भरावा लागतो. मिझुरीशी तसा करार नसल्यामुळे दोन विवरणपत्रे भरत बसावे लागते. पहिले वर्ष भाड्याने राहा.

यजमानांचे रुग्ण मात्र बहुतांशी याच गावचे असतील, आणि त्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांनी वर लिहिलेले १९६० च्या दशकातले सारे डोळ्यांनी पाहिलेले असेल. कामाला लागण्यापूर्वी यजमानांना एक पूर्ण दिवस गावात पायी हिंडायला सांगा. गाडीच्या काचेतून नव्हे.