फाइल सर्व्हरवर चढत नाही

प्रश्न : गिरगावातील आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर आम्ही जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पाने चढवतो. पाऊण एमबीपर्यंतची पाने विनातक्रार जातात, परंतु ३-४ एमबीची रंगीत मुखपृष्ठे चढवताना ‘४१३’ ही त्रुटी येते. पीएचपीची (संकेतस्थळाचा प्रोग्राम ज्या भाषेत आहे ती) फाइलमर्यादा २० एमबी केली, अपलोड फोल्डरला ७७७ परवानगी (सर्वांना सर्व अधिकार) दिली, तरी फरक नाही. सर्व्हर एनजिनएक्स या वेब सर्व्हर प्रोग्रामवर चालतो.
— एक कार्यकर्ती, मुंबई

उत्तर : आपण त्रुटीचा क्रमांक कळवलात हे फार बरे झाले, कारण निदान त्यातच आहे. ४१३ म्हणजे पाठवलेली सामग्री ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठी आहे. एनजिनएक्समध्ये ‘क्लायंट मॅक्स बॉडी साइझ’ नावाची मर्यादा असते आणि आपण बदलली नसेल तर ती १ एमबीच असते. पाऊण एमबीची पाने जातात आणि मुखपृष्ठे अडतात, ती यामुळेच. फाइल आधी एनजिनएक्सकडे येते; तिथेच अडून ती पीएचपीपर्यंत पोहोचतच नसल्याने तिथली मर्यादा कितीही वाढवली तरी उपयोग होणार नव्हता. एनजिनएक्समधली मर्यादा २५ एमबी करून एनजिनएक्स रीलोड करा.

त्यानंतर एक दुसरी अडचण येऊ शकते. पीएचपीतील ‘पोस्ट मॅक्स साइझ’ ही संपूर्ण फॉर्मची मर्यादा मुळात ८ एमबी असते. चार एमबीची तीन मुखपृष्ठे एकदम निवडली, की ती ओलांडली जाते, आणि मग आपल्या प्रोग्रामला फॉर्म चक्क रिकामा मिळतो, ज्यामुळे माणूस भलतीकडेच चूक शोधत बसतो. ही मर्यादा २४ एमबी ठेवा आणि पीएचपी-एफपीएम (सर्व्हरवर पीएचपी चालवणारी सेवा) पुन्हा सुरू करा.

७७७ परवानगी मात्र आजच काढा, ही माझी कळकळीची विनंती आहे. तिच्यामुळे सर्व्हरवरील कोणत्याही वापरकर्त्याला त्या फोल्डरमध्ये लिहिता येते, आणि मुळात आपली अडचण परवानगीची नव्हतीच. पीएचपी ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालते (उबंटूवर बहुधा ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’), त्याच्याकडे फोल्डरची मालकी देऊन परवानगी ७५५ (लिहिण्याचा अधिकार फक्त मालकाला) ठेवा. चढवलेली फाइल तिथे प्रोग्राम म्हणून चालणार नाही, अशी तजवीजही एनजिनएक्समध्ये करा.

बदल केल्यावर एनजिनएक्सचा एरर लॉग (त्रुटींची नोंद असलेली फाइल) उघडा ठेवून एकच मुखपृष्ठ चढवून पाहा. ‘टू लार्ज बॉडी’ असे शब्द असलेली ओळ पुन्हा उमटली, तर बदल दुसऱ्याच सेटिंग फाइलमध्ये झाला आहे असे समजा.