झोळीतून बाळाला कधी काढायचं

पोरी, बाळ चार महिन्यांचं झालं म्हणतेस, तर लुगड्याची झोळी आता सोड. चार ते सहा महिन्यांत लेकरं पालथी पडू लागतात. झोळीत पालथं पडलं की तोंड कापडात दबतं. उताणं असलं तरी मान छातीवर वाकून श्वास कोंडतो. लाकडी पाळणाही बाळ हातांवर उठू लागलं की बंद.

बाजेवर एकटं निजवू नकोस. विण सैल झाली की मध्ये खोलगट होतं, शिवाय बाज आणि भिंत यांच्यामधल्या फटीत लेकरू अडकतं. जमिनीवरच घट्ट, सपाट गादी घाल. नव्या कापसाची फुगीर गादी हाताने दाबून पाहा, खळगा राहिला तर ती नको. मोहरीची उशी, गोधडीची घडी, काहीच जवळ ठेवू नकोस. निजवताना उताणंच निजव.

पण आपल्याकडे जमीन म्हटली की विंचू आणि मण्यार आलीच. मण्यार रात्री फिरते, चावलेलं कळतही नाही. म्हणून मच्छरदाणी ताणून बांध, चारही बाजूंनी गादीखाली खोच, आणि त्याआधी टॉर्चने कोपरे बघ. कापूस, सरपण त्या खोलीत नकोच.

कूलरचा झोत थेट अंगावर नको. पातळ सुती झबलं पुरे. किमान सहा महिने तुझ्याच खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर. सासूबाईंना पटत नसेल तर आशाताईंना घरी बोलाव, त्या नीट समजावतील.