हिंगाचा वास येत नाही, मग पार्किन्सन्स समजायचा का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझे बाबा ६७ वर्षांचे आहेत. मागच्या महिन्यात आई देवळात गेलेली आणि गॅसवर दूध करपलं, मला जिना चढतानाच वास आला आणि बाबा गॅसपासून चार हातांवर पेपर वाचत बसलेले, त्यांना पत्ताच नाही! मग आठवलं की तीन-चार वर्षं तरी ते जेवणाला चव नाही म्हणून कुरकुरतायत. आता सहा महिने झाले, मांडीवर ठेवलेला उजवा हात थरथरतो, कप उचलला की थांबतो. एक डॉक्टर पार्किन्सन्स म्हणाले, दुसरे म्हणाले वयाचा कंप आहे. मामेभाऊ अमेरिकेत असतो, तो म्हणतो तिकडे वासाची टेस्ट करतात. ती केली तर एकदाचा निकाल लागेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, नुसत्या त्या टेस्टवर निकाल लागत नाही. पण दुधाचा हा किस्सा न्यूरोलॉजिस्टना जसाच्या तसा सांगा, तो फार कामाचा आहे आणि पेशंट स्वतःहून हे सहसा सांगत नाहीत, कारण वास इतका हळूहळू जातो की माणसाला तो गेल्याचं बऱ्याचदा कळतच नाही, त्याला वाटतं स्वयंपाकच बिघडलाय.

पार्किन्सन्सच्या बहुतेक पेशंटचा वास कमी झालेला असतो, आणि तोही हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी. या आजारात मेंदूच्या पेशींत अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रोटीनच्या गुठळ्या होतात. हाइको ब्राक या जर्मन संशोधकाने २००३ मध्ये मांडलं की त्या अगदी सुरुवातीला दिसतात त्या जागांपैकी एक म्हणजे नाकाच्या वरचा, वास ओळखणारा मेंदूचा भाग, आणि हालचाल सांभाळणाऱ्या पेशींची पाळी नंतर येते. म्हणून आधी फोडणीचा वास जातो, कंप मागाहून.

भाऊ म्हणतोय ती बहुधा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातली टेस्ट. पुस्तिकेत ४० वास असतात, नखाने किंवा पेन्सिलीने खरवडायचं, हुंगायचं आणि चार पर्यायांतून एक निवडायचा. पण त्यात रूट बिअर हे अमेरिकन शीतपेय आहे, भोपळ्याचा 'पाय' (pie) हा तिकडचा गोड पदार्थ आहे, आपल्या बाबांनी हे जन्मात कधी हुंगलंय का? त्यांचा मार्क गेला तर दोष नाकाचा की ओळखीचा, हे कसं ठरवणार! म्हणून टेस्ट करायचीच तर इथल्या ओळखीच्या वासांची हवी.

तुमच्या बाबतीत तिचा खरा उपयोग दोन डॉक्टरांचं मत वेगळं पडलंय तिथे आहे. नुसत्या कंपाच्या आजारात वास सहसा शाबूत राहतो. चक्कर किंवा अ‍ॅसिडिटीच्या काही गोळ्यांनीही हुबेहूब पार्किन्सन्ससारखं दिसतं, त्यातही वास बहुधा टिकतो, तेव्हा बाबांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांपुढे ठेवा (स्वतःहून काही बंद करू नका). २०१५ च्या आंतरराष्ट्रीय निकषांतही वास जाणं हा पार्किन्सन्सच्या बाजूचा पुरावा धरलाय, पण निदानाचा पाया अजून हालचालींची तपासणी हाच आहे. कप उचलला की कंप थांबतो हे तुम्ही टिपलंत ते फार बरं केलंत, तेही सांगा. हात किती हळू चालतो, किती ताठ आहे हे मात्र डॉक्टरांनीच बघायला हवं.

आणि उलटही लक्षात घ्या, वास गेला म्हणजे पार्किन्सन्स असं अजिबात नाही. कोविड, सायनस, नाकातले कोंब, डोक्याला मार, तंबाखू, नुसतं वय, कशानेही जातो. नाक आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

घरी करून बघायचं असेल तर डोळे मिटायला लावून हिंग, कॉफी, साबण हुंगवा. व्हिक्स किंवा कापूर नको, त्याची झणझण वेगळ्या नसेला कळते, त्यामुळे वास गेलेला माणूसही 'आला की' म्हणतो. सोबत बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणं किंवा हातपाय झाडणं, अक्षर बारीक होत जाणं, चालताना एक हात न हलणं, यातलं काही आहे का तेही लिहून न्या. झोपेचं आईलाच विचारा, बाबांना ते माहीत नसणार.

पार्किन्सन्स निघालाच तर गोळ्यांनी हालचाल सुधारते, वास मात्र सहसा परत येत नाही. म्हणून गॅस लीकचा अलार्म या आठवड्यातच बसवून घ्या आणि उरलेली आमटी बाबांना वाढायच्या आधी दुसऱ्या कुणीतरी हुंगून बघत जा.