वापर थोडासाच वाढला, तरी वीजबिल एवढे कसे वाढते?

सर्वप्रथम बिलावरील मागील आणि चालू रीडिंगमधील फरक पाहावा. तो फरक म्हणजेच वापरलेली युनिट्स, आणि 2000 वॅटचा गीझर अर्धा तास सलग तापत राहिला की 1 युनिट खर्ची पडते. रीडिंगपाशी ‘सरासरी’ किंवा ‘अंदाजे’ असा शेरा असेल, तर मीटरची नोंद प्रत्यक्ष घेतलेलीच नसते, म्हणून मीटरवरील आकडा स्वतः ताडून पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दर टप्प्याटप्प्याने चढणारे असतील, तर सहसा टप्प्यापुढील युनिट्सनाच वाढीव दर लागतो, सगळ्यांना नव्हे. बिल किती दिवसांचे आहे हेही तपासावे, कारण 35 दिवसांच्या बिलाची 30 दिवसांच्या बिलाशी तुलना केल्यास वाढ फसवी दिसते. स्थिर आकार मात्र घर बंद असले तरी बहुधा भरावाच लागतो.