डॉ. उमर दाऊदपोटा यांचा मुंबई-पुण्याशी काय संबंध होता?

तुम्ही विचारलंय की अरबी, फारसी आणि सिंधीचे विद्वान दाऊदपोटा हे सिंधमधलं एवढं मोठं नाव, पण त्यांचा आपल्याकडे कधी काही संबंध आला होता का? आला होता, आणि चांगला जवळचा.

मला तो कळला एका पुस्तकामुळे. फारसी शिकत होते तेव्हा सरांनी ‘तारीख-ए-मासूमी’ची जुनी प्रत हातात ठेवली. अकबराच्या पदरी असलेल्या, भक्करच्या मीर मासूमनं लिहिलेला सिंधचा इतिहास. आत सगळा मजकूर फारसी, आणि प्रकाशक कोण, तर पुण्याची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था! साल १९३८, संपादक दाऊदपोटा. मी ते पान कितीतरी वेळ बघत बसले होते.

त्यांचा जन्म १८९६चा, सेहवणजवळच्या तल्टी गावातला. घरची गरिबी. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे कराचीत शिकणारी मुलंही परीक्षा द्यायची ती मुंबई विद्यापीठाची. दाऊदपोटा त्याच वाटेनं पुढे गेले आणि थेट केंब्रिजला पोचले. अरबी कवितेचा फारसी कवितेवर काय परिणाम झाला, या विषयावर त्यांनी तिथे पीएच.डी. केली. परतल्यावर कराचीच्या ‘सिंध मदरसा’ या शाळेचे प्राचार्य झाले. मग जोगेश्वरीला इस्माईल युसुफ कॉलेज नवीनच निघालं होतं, तिथे अरबीचे प्राध्यापक म्हणून आले. पुण्याचं ते पुस्तक या मुंबईच्या वर्षांतलंच. १९३९ मध्ये ते सिंधचे शिक्षण संचालक झाले.

पण मला त्यांचं सगळ्यात मोलाचं काम वाटतं ते शाह करीमच्या कवितेचं. सिंधमधल्या बुलडी गावचे शाह करीम हे सोळाव्या-सतराव्या शतकातले सूफी. त्यांची सिंधी पदं टिकली ती एका फारसी ग्रंथाच्या पोटात. शिष्यानं आठवणी फारसीत लिहिल्या, मधेमधे गुरूचे सिंधी शब्द जसेच्या तसे ठेवले. नक्कल करणाऱ्यांच्या हातून त्यात चुका शिरलेल्या. त्यात सिंधी लिहिली जायची अरबी लिपीत, पण तिचे काही ध्वनी अरबी-फारसीत नाहीतच, त्यामुळे जुन्या लेखनात एकाच अक्षराचे दोन-तीन उच्चार संभवतात. दाऊदपोटांनी ती पदं वेचून काढली, मूळ शब्द कोणते असतील ते ठरवलं, अर्थ लावले. महानुभावांच्या पोथ्यांवर ज्यांनी काम केलंय, त्यांना ही मेहनत काय असते ते सांगायला नको. केंब्रिजची पदवी आणि इंग्रज सरकारचा ‘शम्स-उल-उलेमा’ (विद्वानांमधला सूर्य) हा किताब मिळवलेला माणूस खेड्यातल्या सूफीच्या एकेका शब्दापाशी अडून बसायचा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

याच शाह करीमचे खापरपणतू म्हणजे सिंधीतले सर्वश्रेष्ठ कवी शाह अब्दुल लतीफ. दाऊदपोटा १९५८ साली गेले. त्यांची कबर भिटशाहला, लतीफच्या दर्ग्याजवळ आहे.